धान्याच्या सालीत काय असते?



मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारची मिस्सा आटोपून मी ओसरीवर आलो, तर आपल्याच वाडीतल्या एक बाई थांबलेल्या. पदराखालून त्यांनी एक चकचकीत डबा काढला आणि म्हणाल्या, "फादर, एवढं इंग्रजी वाचून सांगा. ह्यांना साखर आहे ना, म्हणून घेतलाय. दोन हप्त्यांत अठराशे रुपये दिले." डब्यावर मोठ्या अक्षरांत 'ॲन्टिऑक्सिडंट' असा शब्द होता, खाली हृदयाचे चित्र, आणि रक्त शुद्ध होईल, अशक्तपणा जाईल वगैरे आश्वासने. मी डबा उलटा केला. पाठीमागे बारीक टायपात घटक-पदार्थ छापलेले असतात, ते वाचले. पहिलाच शब्द होता 'रागी'. म्हणजे आपली नाचणी. दुसरा ज्वारीचे पीठ, मग साखर, मग सुवास.

मी विचारले, "हप्त्याचे पैसे कुठून आणले?" बाई म्हणाल्या, "घरचा नाचणा होता. अर्धं पोतं वाण्याला घातलं."

मला हसावे की रडावे कळेना. अर्धे पोते नाचणा विकून अर्धा किलो नाचणा घरी आला, तोही साखर घातलेला, आणि साखरेच्या दुखणेकऱ्यासाठी! पण दोष त्या बाईंचा मानू नका. हा शब्द हल्ली सगळीकडे ऐकू येतो, दूरचित्रवाणीवर येतो, दवाखान्याच्या भिंतीवर असतो, आणि तो म्हणजे नेमके काय हे आपल्याला कुणी समजावून सांगत नाही. म्हणून या खेपेस शेती-आरोग्याच्या पानावर हाच विषय घेतला आहे. जरा रसायनशास्त्र येईल, पण ते आपल्या कणगीतलेच आहे, घाबरू नये.

सुरुवात खवट या शब्दापासून करू. बाजरीचे पीठ दळून आणून आठ-दहा दिवस तसेच ठेवले की कडवट लागते. जुन्या खोबऱ्याला वास येतो. शेंगदाणे फार दिवस उघडे राहिले की जिभेला नको वाटतात. हे जे होते त्याचे कारण म्हणजे त्यातल्या तेलाशी हवेतल्या प्राणवायूचा झालेला संयोग. आधी धान्यातलीच काही पाचक द्रव्ये तेलाची फोड करतात, आणि मग प्राणवायू त्या फुटलेल्या तेलावर तुटून पडतो. तेलाचा एक कण बिघडला की तो शेजारच्या कणाला बिघडवतो, तो पुढच्याला. गवताच्या गंजीला एका कोपऱ्यात ठिणगी पडावी आणि आग काडीकाडीने पुढे सरकावी, तसेच ते. या साखळीत जे अर्धवट, उतावळे कण तयार होतात त्यांना शास्त्रज्ञ 'फ्री रॅडिकल' म्हणतात. आपण त्यांना मोकाट कण म्हणू. मोकाट गुरासारखे ते ज्याच्या त्याच्या शेतात तोंड घालतात.

आपल्या शरीरातही हेच चालू असते. आपण श्वासाने प्राणवायू घेतो, त्यावर अन्न जाळून शक्ती मिळवतो, आणि त्या जळणात थोडे मोकाट कण निर्माण होतातच. तंबाखू, विडी, चुलीचा धूर यांनी ते वाढतात. शरीराजवळ त्यांना आवरण्याची स्वतःची व्यवस्था आहे, आणि काही मदत अन्नातून मिळते. जे द्रव्य अशा मोकाट कणाला स्वतःजवळचे काहीतरी देऊन शांत करते आणि ती साखळी तोडते, त्याला ॲन्टिऑक्सिडंट म्हणायचे. आपण राखणदार म्हणू. शब्द एवढाच आहे. त्यात जादू नाही.

आता हे राखणदार धान्यात कुठे असतात ते पाहू, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

गव्हाचा एक दाणा उभा कापून भिंगाखाली धरला तर तीन भाग दिसतात. बाहेरून साल, म्हणजे कोंडा. एका टोकाला अंकुर, ज्यातून उद्याचे रोप यायचे. आणि मध्ये पांढरा पिठूळ भाग, जो त्या अंकुराची शिदोरी आहे. वजनाच्या हिशेबाने पिठूळ भाग शंभरात सुमारे त्र्याऐंशी, कोंडा चौदा-पंधरा आणि अंकुर दोन-अडीच ते तीन. पिठूळ भागात मुख्यतः पिष्ट असते आणि थोडी प्रथिने. तेल, ब गटातील जीवनसत्त्वे, लोह, जस्त, तंतू हे बहुतेक सगळे त्या सतरा-अठरा भागांत, म्हणजे साल आणि अंकुर यांत, कोंबलेले असते. राखणदारही तिथेच. आणि ते तिथेच का असावेत हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. राखणदार आपण घराच्या मधल्या खोलीत बसवत नाही, बांधावर बसवतो. दाण्याला बाहेरून ऊन लागते, पाऊस लागतो, बुरशी येते, कीड येते, पाखरू येते. म्हणून झाडाने आपली संरक्षणाची द्रव्ये सालीत भरलेली असतात. तेलकट अंकुर खवट झाला तर बी उगवणार नाही, म्हणून त्याच्यापाशी ई जीवनसत्त्व ठेवलेले असते. ते तेलात राहते आणि वर सांगितलेली साखळी तोडते.

सालीतील राखणदारांत सर्वांत मोठा वाटा फेरुलिक आम्ल नावाच्या द्रव्याचा. गहू, मका, ज्वारी, तांदूळ, नाचणी, सर्वांत ते आहे. पण ते सुटे नसते. कोंड्याच्या तंतूंना ते गाठ मारल्यासारखे बांधलेले असते. यामुळे एक मजेदार चूक कित्येक वर्षे होत राहिली. प्रयोगशाळेत धान्य द्रावणात भिजवून जेवढे सुटे द्रव्य उतरेल तेवढेच मोजत, आणि निष्कर्ष काढीत की फळे-भाज्यांपुढे धान्यात विशेष काही नाही. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील दोन संशोधकांनी २००२ साली बांधलेले द्रव्यही सोडवून मोजले, तेव्हा दिसले की मक्यातील अशा एकूण फेनॉलिक द्रव्यांपैकी सुमारे ८५ टक्के, गहू व ओट यांतील ७५ टक्के आणि तांदळातील ६२ टक्के बांधलेल्या रूपात होती. मोजणाऱ्याने दारातूनच परत फिरून घर रिकामे आहे असे सांगावे, तसे झाले होते.

हे बांधलेले द्रव्य जठरात फारसे सुटत नाही. ते तंतूंबरोबर मोठ्या आतड्यापर्यंत जाते. तिथे जे कोट्यवधी सूक्ष्म जीव राहतात ते तंतू कुजवतात, गाठी सोडवतात, आणि मग ते हळूहळू मोकळे होते. म्हणून कोंडा हा नुसता 'पोट साफ करणारा' नाही. तंतू आणि राखणदार एकाच पोत्यातून येतात, आणि पोते फेकले की दोन्ही जातात.

आता थोडे आकडे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे घटक छापले, त्यांतले मोघम करून देतो. शंभर ग्रॅम पांढऱ्या तांदळात प्रथिने सुमारे ८ ग्रॅम, तंतू तीनहून कमी, लोह एक मिलिग्रॅमही नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत प्रथिने १०, तंतू १०, लोह सुमारे ४ मिलिग्रॅम. गहू जवळपास ज्वारीसारखाच. बाजरीत प्रथिने ११, तेल पाचाच्या वर, लोह साडेसहाच्या आसपास. तेल जास्त म्हणूनच तिचे पीठ लवकर कडवट होते. नाचणीत प्रथिने कमी, सातच ग्रॅम, पण चुना, म्हणजे कॅल्शियम, साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर. तांदळात तो दहाही नाही. नाचणीचे आणखी एक भाग्य असे की तिची साल इतकी चिकटून आणि गाभा इतका ठिसूळ की तिला तांदळासारखे पॉलिश करणे सोपे नाही. ती सालीसकटच दळली जाते. गरिबाच्या घरी ती सालीसकट पोटात गेली ती अशी, नाइलाजाने.

प्रथिनांबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. तृणधान्याच्या प्रथिनात लायसिन नावाचा एक अंश कमी पडतो आणि डाळीत तो भरपूर असतो. भाकरीबरोबर आमटी, पिठले, उसळ ही जोडी आपल्या आज्ज्यांनी कुठलेही पुस्तक न वाचता जमवली होती. दख्खनच्या ज्या भागात केवळ ज्वारीवरच गुजराण होत असे तेथे पेलाग्रा हा कातडी सोलवटण्याचा आजार दिसे. डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली त्याचा संबंध ज्वारीतील ल्यूसिन या अंशाशी लावला. पुढे त्या मतावर बराच वाद झाला. पण एकच धान्य, तेही एकटे, पोटभर मिळाले तरी पुरेसे नाही, एवढे त्यातून सर्वांना पटले. जोंधळ्याचे गुण गाताना हे विसरू नये.

आता रंगाकडे येऊ. तांबडा भात, तपकिरी नाचणी, लाल ज्वारी यांचा रंग हा राखणदारांचाच गणवेश आहे. गोव्याच्या खाजणातल्या कोरगुटासारख्या तांबड्या भाताच्या सालीत जे रंगद्रव्य आहे ते टॅनिनच्या कुळातले. मणिपूरच्या काळ्या तांदळात वेगळे, जांभळासारखे. लाल ज्वारीला पाखरांचा त्रास कमी होतो हे तुम्ही पाहिले असेल. कारण तिच्या काही वाणांत सालीखालच्या थरात टॅनिन असते, ते तुरट लागते, आणि पाखरू चोच मारून पुढच्या शेतात जाते. आपण जी मोत्यासारखी मालदांडी खातो तिच्यात हे टॅनिन जवळजवळ नाही, म्हणून तिची भाकरी गोड, आणि म्हणूनच ती राखायला गोफण घेऊन माळ्यावर उभे राहावे लागते. फुकट काही मिळत नाही. राखणदार जास्त तर चव तुरट आणि प्रथिनांचे पचनही थोडे कमी, कारण टॅनिन प्रथिनांना धरून ठेवते.

पण इथे एक धोक्याची सूचना. मला एकाने विचारले, "फादर, काळा तांदूळ चांगला, तर पावसात काळी पडलेली ज्वारीही चांगलीच की?" नाही! तो काळेपणा सालीचा नव्हे, बुरशीचा. खरिपाची संकरित ज्वारी कणसात पिकते आणि नेमका परतीचा पाऊस गाठतो, तेव्हा दाण्यावर काळी-गुलाबी बुरशी चढते. १९९५ साली दख्खनच्या पठारावरील काही खेड्यांत अशीच पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाल्ल्याने लोकांच्या पोटात कळा येऊन जुलाब सुरू झाले. तपासात त्या धान्यात फ्युमोनिसिन हे बुरशीचे विष सापडले. असे धान्य धुऊन, चाळून, उन्हात टाकून निर्धोक होत नाही. घरच्या माणसांना घालू नका आणि 'जनावर खाईल' म्हणून गव्हाणीतही टाकू नका. नुकसान होते खरे, वर्षाचा घास जातो, हे मला कळते. तरी सांगतो.

आता सालीतील एका द्रव्याची दुसरी बाजू. फायटिक आम्ल नावाचे एक द्रव्य कोंड्यात भरपूर असते. ते लोहाला घट्ट धरते. सुटे लोह शरीरात मोकाट कण वाढवते, तेव्हा त्याला धरून ठेवणारे द्रव्य एका अर्थी राखणदारच. पण जेवणातले लोह ते पोटातही सोडत नाही, आणि मग रक्त वाढत नाही. आपल्या धर्मग्रामातील मुली, बाळंतिणी, शेतावर राबणाऱ्या आया, यांच्यात कितीजणींचे डोळे फिके आणि नखे पांढरी दिसतात! नाचणीत लोह आहे असे पुस्तकात वाचून चालत नाही. ते अंगाला लागायला हवे.

याला उपाय आपल्या स्वयंपाकघरात आहे आणि तो आपण सोडत चाललो आहोत. नाचणी भिजवून मोड आणली, किंवा पीठ रात्रभर आंबवले, की धान्यातीलच एक पाचक द्रव्य जागे होते आणि फायटिक आम्लाची फोड करते. लोह मोकळे होते. मोड येताना थोडे क जीवनसत्त्वही तयार होते. आंबील, आंबोळी, सांदण यांचे आंबट पीठ म्हणजे ही सगळी प्रक्रिया. उन्हाळ्यात नांगर सोडून बांधावर आलेल्या गड्याला ताकातली आंबील दिली जायची ती केवळ थंडाव्याची नव्हती. दुसरे, भाकरीबरोबर काहीतरी आंबट, क जीवनसत्त्वाचे असावे : लिंबाची फोड, आवळ्याचे लोणचे नव्हे तर ताजा आवळा, पेरू, कच्चा टोमॅटो. तिसरे, सुकट, बांगडा, कलेजी यांच्याबरोबर खाल्लेल्या धान्यातील लोह अधिक लागते. गोव्याकडच्या मंडळींना हे सांगायची गरज नाही. आणि चौथे, जेवणाबरोबर किंवा जेवणावर लगेच चहा घेऊ नका. चहातले टॅनिन तेच काम करते, लोह धरून बसते. तासभर थांबा. आपल्याकडे पाहुणा जेवून उठला की चहाचे आधण चढते, तेव्हा हे मी एकट्याच्या बळावर बदलू शकेन असे वाटत नाही.

तांदळाची कथा मात्र सविस्तर सांगायलाच हवी, कारण खानापुराकडे आणि घाटाखाली ताटात रोज तोच असतो.

भात गिरणीत गेले की आधी तूस निघते, ते शंभर किलोमागे वीसेक किलो. त्याच्या आत तपकिरी तांदूळ. मग त्याला घासून कोंडा काढतात, तो आठ-दहा किलो. या कोंड्यात शंभरात पंधरा ते वीस भाग तेल असते. ब-१ जीवनसत्त्वाचा मोठा हिस्सा असतो. ओरिझनॉल नावाचा राखणदार असतो, जो तांदळाच्या कोंड्याच्या तेलाची खासियत आहे. हे सारे आपण म्हशीला घालतो आणि उरलेला पांढरा भाग स्वतः खातो. म्हशीबद्दल माझी तक्रार नाही.

याचा परिणाम काय होतो हे पहिल्यांदा कोंबड्यांनी दाखवले. डच सरकारने जावा बेटावर पाठवलेले डॉ. आइकमन बेरीबेरी या रोगाचा शोध घेत होते. पाय लुळे पडत, हृदय थकत असे, आणि त्यांना वाटत होते की यामागे जंतू आहे. १८९० च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या लुळ्या पडल्या, आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्याही झाल्या. शोध घेता कळले की मध्यंतरी त्यांना लष्करी दवाखान्यातला शिजवलेला पांढरा भात मिळत होता. मग आचारी बदलला. त्याने सरकारी भात कोंबड्यांना द्यायला नकार दिला, आणि त्यांना पुन्हा सालीचा तांदूळ मिळू लागला. पुढे व्होर्डरमन यांनी जावातील शंभराच्या वर तुरुंगांची पाहणी केली, तिचा अहवाल १८९७ साली निघाला. जिथे कैद्यांना पांढरा तांदूळ होता तिथे बेरीबेरी फार, सालीच्या तांदळाच्या तुरुंगांत अगदी थोडी. ते द्रव्य, म्हणजे ब-१, शुद्ध रूपात १९२६ साली जावातच काढले गेले, आणि १९२९ साली आइकमनना नोबेल पारितोषिक मिळाले. एका कंजूष आचाऱ्याचे नाव मात्र कुणी नोंदले नाही.

भारतात बेरीबेरी मुख्यतः आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर होती, जिथे कच्चा, गिरणीत सडलेला तांदूळ खात. जिथे उकडा तांदूळ खात तिथे ती जवळजवळ नव्हती, तोही गिरणीतच सडलेला असून. असे का? भात तुसासकट भिजवून वाफवले की सालीतील पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे पाण्याबरोबर आत, पिठूळ भागात, शिरतात. दाणा घट्ट होतो. मग कोंडा घासून काढला तरी ती आत राहतात. शिवाय वाफेने तेल फोडणारे पाचक द्रव्य मरते, म्हणून उकड्या भाताचा कोंडाही लवकर खवटत नाही. आपल्याकडच्या नव्या सुनांना उकडा नको वाटतो, वास येतो म्हणतात. मी त्यांना दोष देत नाही, सवयीची गोष्ट आहे. पण निदान पेजेसाठी, म्हाताऱ्यांसाठी आणि मुलांसाठी घरात एक पिंप उकडा असावा. आणि तांदूळ कोणताही असो, चार-चार पाण्यांनी चोळून धुऊ नये, व पेज गाळून निथळ ओतून देऊ नये. ब जीवनसत्त्वे त्यातच जातात.

कुणी म्हणेल, एवढे कशाला, राखणदार गोळीत मिळतात, एक गोळी घेऊ. याचीही परीक्षा झाली आहे. फिनलंडमध्ये २९,१३३ विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर पाच ते आठ वर्षे प्रयोग झाला. काहींना ई जीवनसत्त्वाच्या, काहींना बीटा-कॅरोटिनच्या, काहींना दोन्ही, काहींना नुसत्याच गोळ्या. फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी अपेक्षा होती. १९९४ साली निकाल आला, तो असा की बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत हा कर्करोग सुमारे १८ टक्के जास्त. ई जीवनसत्त्वाचाही त्यावर काही उपयोग दिसला नाही. एकच द्रव्य वेगळे काढून मोठ्या मात्रेत दिले की ते अन्नासारखे वागत नाही. तसेच, पदार्थाच्या राखणशक्तीचे परीक्षानळीतले आकडे पाकिटांवर छापून माल खपवला जाऊ लागला, तेव्हा अमेरिकेच्या शेती खात्याने २०१२ साली आपला तो तक्ताच काढून घेतला, कारण नळीतला आकडा माणसाच्या अंगात काय होईल ते सांगत नाही. सालीसकट धान्य खाणाऱ्यांत हृदयविकार आणि मधुमेह कमी आढळतो, हे मोठमोठ्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. पण त्याचे श्रेय राखणदारांना किती, तंतूंना किती आणि पांढरे धान्य कमी खाल्ल्याला किती, याची वाटणी अजून कुणी करून दिलेली नाही.

साखरेच्या दुखणेकऱ्यांना मात्र एक स्पष्ट सांगतो. 'नाचणी खाल्ली की साखर वाढत नाही' हे खरे नाही. नाचणीतही पिष्टच मुख्य आहे, शंभरात सदुसष्ट भाग. तिचे बारीक पीठ पातळ शिजवून लापशीसारखे प्यायले तर साखर भराभर चढते, त्यात गूळ घातला तर विचारूच नका. भाकरी बरी, तीही मोजून, उसळ-पालेभाजीबरोबर. आणि डॉक्टरांच्या गोळ्या भाकरीमुळे बंद करायच्या नाहीत. त्या बाईंच्या घरधन्यांनी डबा सुरू झाल्यावर नेमके तेच केले होते. मी त्यांना दुसऱ्या दिवशी बसने तालुक्याला पाठवले. साखर तीनशेच्या वर निघाली.

शेवटी गिरणीच्या काही गोष्टी. पीठ एकदम महिन्याचे दळू नका, आठवड्याचे दळा, बाजरीचे तर चार-पाच दिवसांचेच. दळले की साल फुटते, अंकुराचे तेल उघडे पडते, आणि राखणदार खर्च होऊ लागतात. अखंड दाण्यात तेच महिनोन्‌महिने टिकतात. पीठ झाकून, थंड जागी, गरम असताना डब्यात न कोंबता ठेवा. चाळायचेच तर काडीकचरा निघेल अशा मोठ्या चाळणीने, कोंडा निघेल अशा वस्त्रगाळ चाळणीने नव्हे. कणगीत घालण्याआधी दाणा दाताखाली कट्‌कन तुटला पाहिजे, दबला तर अजून ऊन द्या.

भाताच्या बाबतीत मी आपल्या गिरणीवाल्याशी बोललो. जुन्या हलरवर तूस आणि कोंडा एकत्रच चुरा होऊन निघतो, तिथे हात आवरणे कठीण. पण रबरी रोलरचे यंत्र आहे तिथे तूस आधी वेगळे निघते आणि पॉलिश किती द्यायचे ते ठरवता येते. 'एकच हात द्या' असे सांगितले तर ते देतात, फक्त आपण सांगत नाही, आणि तांदूळ पिवळसर दिसला तर उलट भांडतो. असा तांदूळ थोडा जास्त वेळ भिजवावा लागतो, पाणी सव्वापट लागते, आणि सालीत तेल असल्याने तो दोन-अडीच महिन्यांहून जास्त साठवू नये. भात कणगीत ठेवा आणि लागेल तसे सडून आणा. ज्यांना पहिल्यांदा करून पाहायचे आहे त्यांनी दहा किलोच न्यावे. निम्मा पांढरा, निम्मा सालीचा असा मिसळून सुरुवात केली तर घरात ओरड कमी होते. आमच्या मठीत आम्ही तसेच केले. स्वयंपाकीणबाई पहिला आठवडा माझ्याशी बोलत नव्हत्या.